स्कीवर ३६० घ्यायचंय? आधी नागपुरात एवढं करा

दर हिवाळ्यात आम्ही नागपूरचे आठ-दहा जण गुलमर्गला जातो, आणि दर वेळी नव्यांपैकी कुणीतरी तेच करतो. चार दिवस स्नोप्लाउ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरणं), पाचव्या दिवशी कशीबशी समांतर वळणं आणि सहाव्या दिवशी मोबाइलवर पाहिलेली ३६०, म्हणजे उडी मारून हवेत घेतलेली पूर्ण गिरकी. परतीच्या विमानात तो गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून बसलेला असतो. विचारलं की म्हणतो, "हवेत बॅलन्स गेला." हवेत काही जात नाही. जे जायचं ते स्की बर्फावरून सुटण्याआधीच गेलेलं असतं.

हवेत ढकलायला काही नसतं. गिरकी जेवढी हवी तेवढी खालूनच घेऊन निघावी लागते. वर गेल्यावर हात जवळ घेतले तर ती थोडी वेगात होते, पसरले तर थोडी मंदावते, बस. म्हणून खालच्या टप्प्यांतली निम्मी मेहनत उडीआधीची आहे, आणि त्यातली बरीचशी बर्फाचा कणही नसताना गच्चीवर होते. टप्प्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक जण तिथेच चुकतात.

१. आधी स्वतःला तपासा

उड्यांच्या नादी लागण्यापूर्वी तीन गोष्टी यायला हव्यात. मध्यम उतारावर स्की समांतर ठेवून सलग वीसेक वळणं. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंना स्कीच्या कडा बर्फात रोवून झटकन थांबणं, म्हणजे हॉकी स्टॉप. आणि लहानशा उंचवट्यावरून जाताना मागे न बसणं.

दुसऱ्या गोष्टीत बरेच जण अडकतात. एका बाजूला छान थांबतात, दुसऱ्या बाजूला गोल फिरून बसतात. असं होत असेल तर यंदा टप्पा २ आणि ४ एवढेच करा. बाकीचं पुढच्या हिवाळ्यात. कमीपणा कसला त्यात?

२. नागपुरातले आठ आठवडे

जानेवारीच्या शेवटी जायचं असेल तर नोव्हेंबरच्या अखेरीस सुरुवात करा. तेव्हा पहाटेची हवाही साथ देते. आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास पुरे.

*दिशा ठरवा.* मोकळ्या जागी पाय कमरेएवढ्या अंतरावर ठेवून उभे राहा आणि विचार न करता अर्धी गिरकी घेत उडी मारा. पाच वेळा. ज्या बाजूला शरीर आपोआप जास्त वेळा वळलं ती तुमची दिशा. पहिली पूर्ण ट्रिप तीच ठेवा. मी पुढे डावी गिरकी धरून लिहितोय. उजवीकडे फिरणाऱ्यांनी सगळं उलट वाचावं.

*उडी पूर्ण तळव्याने मारा.* इथे जिमवाले हमखास चुकतात. आपण जमिनीवर चवड्यांनी उडतो. स्कीचा बूट घोटा आवळून धरतो, तिथे चवड्याला कामच उरत नाही. म्हणून ट्रेकिंगचे उंच बूट घाला, लेस घट्ट बांधा आणि गुडघे व कंबर वाकवून पूर्ण तळव्याने उडा. उतरतानाही तळवा सपाट, गुडघे पावलांच्या रेषेत, हात पुढे आणि डोळ्यांना दिसतील असे.

उतरणं बरोबर झालं की नाही हे आवाजावरून कळतं. पहिल्या आठवड्यात मी गच्चीवर सराव करायचो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "काऊन जी, गच्ची पाडून राहिले का?" तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, सराव सोडला का म्हणून. रोज उड्या मारत होतो, फक्त आवाज बंद झाला होता. इतकं मऊ उतरता आलं पाहिजे.

*खांद्यावरची काठी.* संपूर्ण सरावातला सर्वांत कामाचा प्रकार हाच. पाचेक फूट वेळूची काठी मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी घ्या, हात तिच्यावर टाका. आजूबाजूला कुणी नाही ना, बघा. आता:

– गुडघे वाकवा आणि काठी थोडी उजवीकडे वळवा. एक हातभर, जास्त नाही. पावलं सरळच.
– वर उसळा. पाय सरळ होता होता काठी डावीकडे सोडा.
– नजर डाव्या खांद्यावरून मागे जाऊ द्या.
– उतरल्यावर काठी आणि पावलं एकाच दिशेला आहेत का, पाहा.

काठी खोटं बोलू देत नाही. कंबर फिरली आणि खांदे मागे राहिले तर काठी तिरपी दिसते. डावं टोक खाली झुकलं तर तुम्ही गिरकी घेताना कलताय. जमिनीवर त्याने काही बिघडत नाही, स्कीवर मात्र तुम्ही हवेत आडवे होता. आरशासमोर करा किंवा कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा.

माझी भाची दहा दिवस वैतागली होती. "मामाजी, मी फिरून राहिली, पण पूर्ण होऊनच नाही राहिलं." चित्रण पाहिलं तर ती आधी फिरत होती आणि मग उडत होती. उसळी पूर्ण होण्याआधी खांदे सोडले की पायातली ताकद आडवी वाया जाते. तिला एवढंच सांगितलं, की मनात "वर" म्हण, मग "फिर" म्हण. दोन शब्दांत जेमतेम पापणी लवण्याएवढं अंतर असू दे. त्याच संध्याकाळी जमलं.

एक हिशेब लक्षात ठेवा. सपाट जमिनीवर एक फूट उंच उडी म्हणजे हवेत साधारण अर्धा सेकंद. तेवढ्या वेळात ३६० पूर्ण होतं. पण पायाला दीड-पावणेदोन मीटरच्या स्की लागल्या की तीच गिरकी जड होते, कारण वजन शरीरापासून लांब जातं. म्हणून गच्चीवर ३६० जेमतेम होत असेल तर बर्फावर ते २७० वर अडकेल, आणि २७० म्हणजे उताराला आडवं उतरणं. पडायची याहून खात्रीची रीत नाही.

*इनलाइन स्केट्सवर उलटं चालणं.* १८०, म्हणजे अर्धी गिरकी, घेतल्यावर तुम्ही पाठ पुढे करून उतरता. स्कीवाले याला स्विच म्हणतात. ही सवय स्केट्सवर स्वस्तात लागते. हेल्मेट, मनगटाचे, कोपराचे आणि गुडघ्याचे गार्ड घालून उलटं जा, एका खांद्यावरून मागे पाहत. मग हळू वेगात छोटी उडी मारून पुढून उलटं, उलट्यावरून पुढे. आपल्या सिमेंट रस्त्यांवर मात्र नको. दोन स्लॅबमधल्या फटीत चाक अडकतं आणि उलटं जाताना ती फट दिसत नाही. बास्केटबॉलचं कोर्ट किंवा स्केटिंग रिंक पाहा.

ट्रॅम्पोलिनबद्दल बरेच जण विचारतात. मजा येते, हवेत नजर कुठे ठेवायची तेही कळतं. पण तो स्वतःच वर फेकतो, त्यामुळे उसळी मारायची सवय उलट मोडते. काठीचा सराव पक्का झाल्यावरच जा.

सोबत बैठका, एका पायावरच्या बैठका आणि फळीसारखं शरीर ताठ धरायचा व्यायाम चालू ठेवा.

तपासा (तिकीट काढण्यापूर्वी): आवाज न होता सलग दहा १८०. पाच ३६०, प्रत्येक वेळी पावलं सुरुवातीच्या रेषेवर. स्केट्सवर कोर्टाची २८ मीटर लांबी उलटं, मागे पाहत, न थांबता. यातलं एक जरी होत नसेल तर ट्रिपला जा, पण उड्यांची स्वप्नं घरी ठेवा.

३. सामान घेताना

भाड्याने घेत असाल तर ट्विन टिप स्की मागा, म्हणजे पुढचं आणि मागचं, दोन्ही टोकं वर वळलेली. मागचं टोक सपाट असेल तर उलटं जाताना ते बर्फात रुततं. नाही मिळाली तर त्या दिवशी स्विच आणि १८० करू नका.

बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीची, सेटिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमचा दर्जा यांवर ठरते. वजन खरं सांगा. एकदा मी लाजेखातर सहा किलो कमी सांगितलं आणि साध्या वळणावरही स्की निघून जायला लागली. उलटा प्रकार जास्त वाईट. "उडीत निघू नये म्हणून घट्ट करून द्या" असं कुणी सांगतं, आणि पडताना स्की सुटत नाही, गुडघा फिरतो. सेटिंग दुकानातल्या माणसाला करू द्या, स्वतः स्क्रू फिरवू नका.

बूट पायात घालून पाहा. टाच उचलली जात असेल तर लहान माप घ्या. ब्रेक दोन्ही स्कीवर चालू आहेत का, हाताने दाबून बघा. हेल्मेट घट्ट असू द्या, डोकं हलवल्यावर ते वेगळं हलता कामा नये.

सावधान: उड्यांच्या सरावात पोलचे (हातातल्या काठ्यांचे) पट्टे मनगटात अडकवू नका. पडताना पोल हातात राहिला की अंगठ्याचा सांधा मुरगळतो. मी पहिले दोन दिवस पोलच घेत नाही.

४. बर्फावर पहिले दोन दिवस: उडी नाही

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, गुलमर्ग सुमारे २,६५० वर. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं. त्या दिवशी फक्त चाला, पाणी प्या, लवकर झोपा. अपरवटचे उतार, म्हणजे गोंडोला या केबल कारचा दुसरा टप्पा, सरावासाठी नाहीत. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. आपलं काम खालच्या सोप्या उतारांवर आहे.

तिथे दोन गोष्टी करा.

स्विच: अगदी सौम्य उतारावर उलटे उभे राहा आणि खांद्यावरून खाली पाहत हळू घसरा. वेग आवरायला उलटा स्नोप्लाउ करा: आता खालच्या बाजूला टेल, म्हणजे स्कीची मागची टोकं, असतात, त्या जवळ आणि पुढची टोकं लांब. जवळजवळ सगळेच पहिल्यांदा सवयीने पुढची टोकं जवळ आणतात, मग टेल फाकतात आणि वेग वाढतच जातो.

जमिनीवरची गिरकी: तिरकं जाताना वळण सुरू करा, स्की सपाट ठेवा, नजर डाव्या खांद्यावरून पुढे पुढे न्या. आधी उलटे व्हाल, नजर थांबवली नाही तर पुन्हा सरळ. मधल्या आडव्या क्षणी उताराच्या बाजूची कड टेकली की स्की तिथेच रुतते आणि तुम्ही आपटता. कड टेकवायची नाही, स्की लोण्यावरून सुरी फिरवावी तशी फिरली पाहिजे.

दुपारचं ऊन लागलेला बर्फ यासाठी बरा. पहाटे तो घट्ट गोठलेला असतो आणि आपटलं की सिमेंटच.

तपासा: सलग पाच गिरक्या, एकदाही कड न अडकता. उलट्याने पन्नास पावलांएवढं अंतर आणि ठरवलेल्या जागी थांबणं.

५. सरळ उडी

पार्कमधल्या, म्हणजे उड्यांसाठी राखलेल्या उतारावरच्या, तयार उड्या मिळाल्या तर उत्तम. नसेल तर प्रशिक्षकाला विचारून, त्याने दाखवलेल्या जागी, उताराच्या कडेला गुडघ्याएवढा किकर, म्हणजे उडीसाठी बर्फाचा चढ, करा. चढ हळूहळू वर जाणारा हवा, शेवटचं टोक, म्हणजे लिप, एकदम उभं नको. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उतरायची जागा उतारावरच असावी. सपाट जागी उतरलात की सगळा मार गुडघ्यांवर आणि पाठीवर येतो.

गुलमर्गला उतारावर स्लेजवाले आणि फोटो काढणारे पर्यटक कुठूनही येतात. वरून लँडिंग दिसत नसेल तर खाली एक माणूस उभा ठेवा. तो हात वर करेपर्यंत निघू नका. उतरल्यावर तिथे थांबून मागे पाहू नका, लगेच बाजूला व्हा. किकर रिकामा ठेवून घरी जाऊ नका, दिवस संपला की मोडून सपाट करा. रात्री तो गोठतो आणि सकाळी कुणीतरी अनोळखी माणूस बह्याडासारखा त्याच्यावर आदळतो.

आता उडी:

– आधी बाजूने जाऊन वेग पाहा. उडी न मारता.
– सुरुवातीची जागा खूण करून ठरवा. वेग हवा तर चार पावलं वरून निघा, पण मध्ये ढकलू नका आणि मध्येच ब्रेक मारू नका.
– चढावर गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, स्की सपाट.
– लिपवर पाय पोहोचतात तेव्हा उसळा. उसळी दोन्ही पायांनी, सारखी.
– हवेत गुडघे थोडे वर, हात पुढे, नजर उतरायच्या जागेवर.

नव्वद टक्के लोकांची उसळी उशिरा होते. लिप संपल्यावर उडायचा प्रयत्न करतात आणि मागे कलतात, मग टेलवर उतरून पाठीवर. तसं झालं तर लवकर उसळा, अर्ध्या स्कीएवढं आधी.

सावधान: मागे बसत पडायला लागलात तर बसल्या बसल्या उठायचा प्रयत्न करू नका. गुडघ्याचं लिगामेंट तुटण्याची ही ठरलेली तऱ्हा आहे. हात पुढे घ्या, दोन्ही पाय जवळ ठेवा, घसरत थांबेपर्यंत पडू द्या.

६. १८०

त्याच किकरवर सलग दहा सरळ उड्या नीट झाल्यावरच इथे या. वेग तोच. गिरकी घ्यायची म्हणून वेग वाढवायची गरज नसते.

चढावर काठी आठवा. खांदे एक हातभर उजवीकडे, स्की मात्र सरळ. लिपवर "वर", मग "फिर". स्की चढावरच वळवायला घेतल्या तर त्या आडव्या घसरतात, उसळी जाते आणि तुम्ही कलता. आमच्या गटात सगळ्यात जास्त पडणं याच एका चुकीतून झालंय.

१८० ला नजर लवकर थांबवायची. मागे राहिलेली लिप दिसली की नजर तिथेच रोखा. डोकं थांबलं की शरीर थांबतं. डाव्या खांद्यावरून बघतच राहिलात तर तुम्ही २२०-२४० वर आडवे उतरणार. स्कीचा तळ सपाट टेकू द्या, शरीर उताराला काटकोनात. टेकल्यावर, एक क्षण थांबून, मग मागे पाहा आणि उलटा स्नोप्लाउ.

बऱ्याच जणांचं १५० वर अडकतं. बहुतेक वेळा गिरकी कमी पडलेली नसते, घाबरून पाय लवकर जमिनीकडे गेलेले असतात. गुडघे वर ठेवा, जमीन आपणहून येते.

तपासा: पाच पैकी चार १८० उभ्याने. चित्रणात लिपवर स्की सरळ दिसते का? उत्तर नाही आलं तर परत सरळ उडीवर जा.

७. ३६०

गंमत म्हणजे ३६० काहींना १८० पेक्षा सोपी वाटते, कारण उतरताना तुम्ही सरळ असता आणि जागा दिसते. पण पहिली अर्धी गिरकी आंधळी आहे, तेवढा धीर लागतो.

उसळी आणि खांद्यांची सोडणी तीच, फक्त खांदे जास्त निर्धाराने सोडायचे. लिप सोडताच हात छातीजवळ घ्या. नजर डाव्या खांद्यावरून सतत पुढे. मागची लिप दिसेल, तिथे थांबू नका. पाऊण गिरकीला लँडिंग डोळ्यांच्या कोपऱ्यात येतं. ते दिसलं की हात उघडा, म्हणजे गिरकी मंदावेल, आणि पाय खाली सोडा.

अर्ध्यावर "नको" वाटलं तर काय करायचं? थांबायचा प्रयत्न करू नका. गिरकी पूर्ण करणं हाच बाहेर पडायचा सोपा मार्ग. नको वाटायचं ते लिपच्या आधी वाटून घ्या. तेव्हा वळून बाजूला जा, कुणी हसत नाही.

दिवसाला दहा-बारा प्रयत्न पुरे. पाय थकले की पहिली जाते ती उसळी, हे स्वतःला कळत नाही. सलग दोन वेळा कमी फिरलात तर चहा घ्या आणि त्या दिवसापुरतं फक्त स्कीइंग करा.

८. बॉक्स

बॉक्स म्हणजे बर्फात बसवलेला, वरून घसरत जायचा सपाट पट्टा. तो उडीपेक्षा सोपा वाटतो आणि तसाच फसवतो. रुंद प्लॅस्टिकचा, बर्फाला लागून असलेला बॉक्स निवडा, म्हणजे त्यावर उडी मारून चढावं लागणार नाही. लोखंडी रेल यंदा विसरा.

पहिल्या पाच फेऱ्या सरळ. स्की सपाट, बॉक्सवर वळायचं नाही, थांबायचं नाही. प्लॅस्टिकवर कड टेकली की ती पकड घेत नाही, सरळ निसटते.

मग आडवं घसरणं. बॉक्सवर येताना हलकी उसळी, दोन्ही स्की एकदम आडव्या, पाय कमरेएवढ्या अंतरावर, वजन दोन्हींवर सारखं. मनात भीती असते म्हणून आपण उताराच्या उलट बाजूला, मागे कलतो. मग वरच्या कडा टेकतात, पाय पुढे निघून जातात आणि माकडहाडावर आदळतो. खालच्या बाजूचा खांदा बॉक्सच्या शेवटाकडे झुकलेला ठेवा आणि नजरही तिथेच, पायांकडे नको.

घरी याचा सराव होतो. दोन इंच जाडीची रुंद फळी पोत्यावर ठेवा, समोरून येऊन उडी मारून तिच्यावर आडवे उतरा आणि दोन्ही तळवे एकदम टेकले का ते ऐका. टप टप असा दुहेरी आवाज आला तर एक पाय उशिरा पोहोचतोय. बॉक्सवर तोच पाय आधी निसटतो.

शेवट आला की डोकं उताराकडे वळवा, खांदे आणि स्की मागून येतात. घाईने पाय फिरवायला गेलात तर बॉक्सची शेवटची कड स्कीच्या मधोमध अडकते. भाचीने तिथे तीन वेळा तोंडावर बर्फ खाल्ला. चौथ्या वेळी तिने फक्त खालचा लाकडी खांब पाहिला, पायांना काहीच सांगितलं नाही, आणि सरळ निघून गेली.